जमखंडीची केशरी रेघ

दोन वर्षांपूर्वी आपल्याच मंडळाच्या गणेशोत्सवात शालेय मुलांची वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता 'महाराष्ट्राने विज्ञानाला काय दिले'. आमच्या धाकट्या कन्येने त्यात भाग घेतला आणि पहिला क्रमांक पटकावला. भाषण अर्थातच आम्ही लिहून दिले होते. त्यातले सर्वांत जास्त टाळ्या घेणारे वाक्य असे होते की, १८ ऑगस्ट १८६८ रोजी सर नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्गच्या तटावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि तिथेच हेलियम या मूलद्रव्याचा शोध लावला. म्हणजे हेलियमचे जन्मस्थान आपल्या कोकणात आहे.

वाचकहो, हे वाक्य चुकीचे होते. आम्ही ते कुठेतरी वाचले होते, खरे मानले आणि लेकीच्या तोंडी घातले. सभागृहातल्या दोनशे माणसांनी ते ऐकले आणि बरोबर घरी नेले.

चूक लक्षात आली तीही तिच्यामुळेच. पुढच्या वर्षी शाळेच्या प्रकल्पासाठी ती मूलद्रव्यांच्या शोधांची माहिती जमवत होती. एका संध्याकाळी तिने विचारले, "बाबा, लॉकियर ऑगस्टमध्ये विजयदुर्गला होते, मग ऑक्टोबरात लंडनला कसे पोचले? तेव्हा तर सुएझ कालवासुद्धा नव्हता." सुएझ कालवा खुला झाला १८६९ साली. पोरीचा हिशेब बरोबर होता. आमच्याकडे उत्तर नव्हते. ते शोधता शोधता जो इतिहास हाती लागला तो आमच्या भाषणापेक्षा कितीतरी मोठा निघाला. शिवाय त्याचे एक टोक विजयदुर्गापेक्षाही आपल्या बेळगावला जवळचे आहे. स्मरणिकेसाठी संपादकांनी लेख मागितला तेव्हा ठरवले की, ही दुरुस्ती जिथे चूक झाली त्याच मंडळात नोंदवावी.

ग्रहण पिठोरी अमावास्येचे

१८ ऑगस्ट १८६८ म्हणजे शके १७९०ची श्रावण अमावास्या. घरोघर पिठोरीची पूजा, आणि गणेशचतुर्थी अवघ्या तीन-चार दिवसांवर. त्या सकाळी चंद्राची दाट सावली अरबी समुद्रावरून कोकण किनाऱ्यावर चढली, दख्खन ओलांडून पूर्वेला मच्छलीपट्टणपाशी बंगालच्या उपसागरात उतरली आणि पुढे सयामकडे गेली. साधारणपणे खग्रास स्थिती दोन-तीन मिनिटे टिकते. या ग्रहणात ती आपल्या देशात पाच मिनिटांहून अधिक, तर सयामच्या आखातात पावणेसात मिनिटांच्या घरात होती. असे लांबलचक ग्रहण क्वचितच वाट्याला येते, म्हणून युरोपातल्या विज्ञानसंस्थांचे वर्षभर आधीपासून हिंदुस्थानाकडे डोळे लागलेले होते.

त्या दिवशी आपल्या भागातल्या बहुतेक घरांत काय चालले असेल हे सांगायला इतिहासकार नको. पाण्यावर तुळशीपत्र, सुतक, जप, गरोदर लेकीसुनांना घराबाहेर मज्जाव, आणि ग्रहण सुटल्यावर रस्त्यावरून 'दे दान सुटे गिराण'ची हाक. पण हे सगळे चालू असतानाच ग्रहणाची वेळ किती बरोबर सांगता येते यावरही मराठी माणसांत खल चालू होता. जुन्या कोष्टकांवर केलेले गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांत फरक पडू लागला होता. कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेले केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना, यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांच्या गणितावर आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने जे पंचांग निघू लागले ते पटवर्धनी पंचांग म्हणून प्रसिद्ध झाले. पंचांगातले आकाश आणि डोक्यावरचे आकाश एकच असले पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता. तो आज साधा वाटतो, पण त्यावरून पुढे अनेक वर्षे वाद झाले.

मिठाची पिवळी ज्योत

ग्रहणात शास्त्रज्ञांना नेमके काय पाहायचे होते हे समजण्यासाठी आधी स्वयंपाकघरात जाऊ. भात उकळून पेजेचे मीठमिश्रित पाणी गॅसवर सांडले की निळी ज्योत क्षणभर झगझगीत पिवळी होते. हा पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. काही वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या रस्त्यांवर जे पिवळे दिवे होते, त्यांतही हेच सोडियम होते.

आता हा उजेड लोलकातून, म्हणजे काचेच्या त्रिकोणी तुकड्यातून पाहिला, तर इंद्रधनुष्यासारखा अखंड पट्टा दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या रंगाच्या जागी दोन अगदी जवळजवळ असलेल्या तेजस्वी रेघा तेवढ्या दिसतात. प्रत्येक तापलेल्या वायूच्या अशा ठरावीक रेघा असतात. हायड्रोजनच्या वेगळ्या, सोडियमच्या वेगळ्या. माणसाच्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्याशी जुळत नाही, तसेच हे. १८५९-६० च्या सुमारास किर्खहोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी हे पक्के केले. त्यासाठी वापरायच्या यंत्राला आपण वर्णपटदर्शक म्हणतो.

यातून एक विलक्षण गोष्ट शक्य झाली. सूर्यावर काय आहे हे जाणण्यासाठी सूर्यावर जायची गरज उरली नाही. त्याचा उजेड वाचला की पुरे. आमच्या मते गेल्या दोन-तीनशे वर्षांत माणसाला लागलेल्या सर्वांत मोठ्या चमत्कारांपैकी हा एक आहे. आणि त्याला लागते काय, तर काचेचा एक तुकडा आणि एक बारीक फट.

खग्रास ग्रहणात सूर्यबिंब झाकले गेले की त्याच्या कडेला लालसर ज्वाळांसारखे काही उसळलेले दिसते. या सौरज्वाळा म्हणजे नेमके काय, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. त्या सूर्याच्या आहेत की चंद्राच्या, यावरही पूर्वी वाद झाला होता. वर्णपटदर्शक हाती आल्यानंतर हिंदुस्थानातून दिसणारे हे पहिलेच मोठे खग्रास ग्रहण. ज्वाळांच्या उजेडात अखंड पट्टा दिसला तर त्या घन किंवा ढगासारख्या कणांच्या. नुसत्या रेघा दिसल्या तर तापलेल्या वायूच्या. उत्तर पाच मिनिटांत मिळवायचे होते.

जमखंडीला आलेला लेफ्टनंट

ग्रहणपट्ट्यात ठिकठिकाणी तंबू पडले. फ्रान्सहून आलेले पिएर जान्सन यांनी गुंटूर निवडले. गुंटूरलाच ब्रिटिशांच्या बाजूने मेजर टेनंट होते. मद्रास वेधशाळेचे प्रमुख नॉर्मन पॉगसन मच्छलीपट्टणला गेले. त्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचार्य एक तुकडी घेऊन निजामाच्या राज्यातल्या वनपर्तीला गेले. कॅप्टन हेग विजापूरला होते. आणि रॉयल सोसायटीने पाठवलेली दुर्बीण आणि वर्णपटदर्शक घेऊन लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला आले.

जमखंडी! आपल्यापैकी कितीतरी घरांची सोयरीक जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग, सांगली, मिरज या संस्थानी गावांत आहे. गुरुदेव रानडे यांचे हे जन्मगाव. बेळगावहून गोकाक-मुधोळ करत निघाले तर दीडशे किलोमीटरच्या आत. आज ते बागलकोट जिल्ह्यात येते. त्या वेळी तिथे पटवर्धनांचे संस्थान होते आणि गादीवर रामचंद्रराव ऊर्फ आप्पासाहेब होते. तिथे आलेला हा लेफ्टनंट साधासुधा नव्हता. युरेनस ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचा तो नातू आणि दक्षिण गोलार्धातले आकाश मोजणाऱ्या सर जॉन हर्शेल यांचा मुलगा. नोकरी मात्र हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातली, म्हणजे डोंगरमाथ्यांवरून कोन मोजत देशाचा नकाशा करणाऱ्या खात्यातली.

ऑगस्टचा महिना म्हणजे आपल्याकडे पावसाचा. त्या सकाळी जमखंडीवर ढग होते. ज्या क्षणासाठी हजारो मैलांवरून यंत्रे आली होती, त्या क्षणी ढग येत-जात होते. तरीही एका फटीतून हर्शेल यांना ज्वाळा सापडली, त्यांनी यंत्राची फट तिच्यावर आणली, आणि अखंड पट्ट्याचा मागमूस नसलेल्या अंधारात तीन ठळक रेघा दिसल्या : एक लाल, एक केशरी, एक निळी. प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. ज्वाळा तापलेल्या वायूच्या होत्या. लाल आणि निळी रेघ हायड्रोजनची. केशरी रेघ त्यांनी सोडियमची मानली, कारण त्या जागी ओळखीची अशी तीच होती.

गुंटूरला जान्सन आणि टेनंट यांना, मच्छलीपट्टणला पॉगसन यांना आणि सयामच्या बाजूला गेलेल्या फ्रेंच तुकडीतल्या राये यांनाही कमीअधिक हेच दिसले. पिवळसर-केशरी रेघ जवळजवळ सगळ्यांनी पाहिली, आणि ती सोडियमची किंवा सोडियमच्या अगदी जवळची अशीच नोंद झाली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मिनिटे मोजकी, ढगांची भीती, हातात छोटी यंत्रे. दोन रेघांमधले केसभर अंतर मोजायला निवांतपणा लागतो, आणि ग्रहणात नेमका तोच नसतो.

आज आपण जाणतो की जमखंडीच्या ढगांमधून दिसलेली ती केशरी रेघ सोडियमची नव्हती. ती हेलियमची होती. पृथ्वीवर तोवर कुणालाही ठाऊक नसलेले मूलद्रव्य त्या सकाळी जमखंडी, गुंटूर, मच्छलीपट्टण अशा आपल्या ओळखीच्या गावांवर आपली सही करून गेले, पण कुणाला ती सही वाचता आली नाही.

ग्रहणाशिवाय ग्रहण

गुंटूरच्या जान्सन यांना मात्र त्या पाच मिनिटांत एक वेगळीच गोष्ट सुचली. ज्वाळांच्या रेघा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहण संपल्यावरही त्या दिसायला हव्यात, असे त्यांच्या मनाने घेतले. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, लख्ख उन्हात त्यांनी यंत्र सूर्याच्या कडेवर रोखले आणि रेघा दिसल्या! पुढचे काही दिवस ते रोज ज्वाळा पाहत राहिले.

हे कसे जमले? एरवी सूर्याच्या कडेला ज्वाळा दिसत नाहीत, कारण आपल्या हवेत पसरलेला सूर्याचा उजेड त्यांना बुडवून टाकतो. पण तो उजेड सर्व रंगांचा असतो. वर्णपटदर्शकात तो लांबच लांब पट्ट्यात पसरतो आणि फिका पडतो. तांब्याभर पाणी अंगणभर ओतल्यावर नुसती ओल राहते, तसे. ज्वाळेचा उजेड मात्र दोन-चार रेघांतच साठलेला असतो. तो पसरत नाही. त्यामुळे फिक्या पट्ट्यावर रेघा उठून दिसतात.

जान्सन यांनी सप्टेंबरात पॅरिसच्या विज्ञान अकादमीला पत्र लिहिले. टपाल बोटीने जायचे. ते पत्र अकादमीत वाचले गेले २६ ऑक्टोबर १८६८ रोजी. आणि त्याच दिवशी, त्याच बैठकीत, लंडनहून आलेले आणखी एक पत्र वाचले गेले. त्यात हीच युक्ती होती. ते पत्र होते नॉर्मन लॉकियर यांच्या शोधाविषयी.

युद्धखात्यातला कारकून

लॉकियर १८६८ साली हिंदुस्थानात नव्हतेच. ते लंडनमध्ये ब्रिटिश सरकारच्या युद्धखात्यात कारकून होते. दिवसा कचेरीत टिपणे आणि फायली, आणि उरलेल्या वेळात घरच्या दुर्बिणीतून आकाश. आम्ही स्वतः पदविका घेऊन राज्य सरकारच्या सेवेत चिकटलेले, गेली वीस वर्षे फायलींवर शेरे मारणारे. त्यामुळे या माहितीने आम्हांला झालेला आनंद वाचक समजून घेतील. असो.

ग्रहणाशिवाय ज्वाळा दिसतील ही कल्पना लॉकियर यांनाही आधीच सुचली होती. पण चांगला वर्णपटदर्शक बनवून मिळेपर्यंत दोन वर्षे गेली. यंत्र १८६८च्या ऑक्टोबरच्या मध्यास हाती आले आणि २० ऑक्टोबरला त्यांनी ज्वाळांच्या रेघा पाहिल्या. त्यांना ग्रहणाची घाई नव्हती. आज नाही तर उद्या, सूर्य आहेच. त्यामुळे त्यांनी ती पिवळी रेघ सोडियमच्या रेघांशी ताडून पाहिली. सोडियमच्या दोन रेघांची तरंगलांबी ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटर, ही तिसरी रेघ ५८७.६ वर. फरक एवढासा, पण फरक होताच. सोडियमच्या रेघांना डी-१ आणि डी-२ म्हणत, म्हणून हिचे नाव डी-३ पडले.

मग प्रयोगशाळेत शोधाशोध सुरू झाली. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्या मदतीने लॉकियर यांनी हायड्रोजनला नाना परींनी तापवून, दाबून पाहिले. डी-३ काही उमटेना. शेवटी त्यांनी तर्क केला की हे पृथ्वीवर न सापडलेले नवे मूलद्रव्य असावे. सूर्याला ग्रीक भाषेत हेलिओस म्हणतात, त्यावरून नाव ठेवले हेलियम. १८७१ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांनी एका मोठ्या सभेच्या अध्यक्षीय भाषणात हे नाव जाहीरपणे उच्चारले. अनेकांनी नाके मुरडली. कुणी हाती न धरलेल्या, कुणी न तोललेल्या पदार्थाला केवळ एका रेघेवरून मूलद्रव्य कसे म्हणायचे?

फ्रान्स सरकारने मात्र मोठे मन दाखवले. आधी कोण, नंतर कोण हा वाद न घालता १८७२ साली एक पदक काढले आणि त्यावर जान्सन व लॉकियर या दोघांचे चेहरे शेजारी शेजारी कोरले. एकाने गुंटूरला पाहिले, दुसऱ्याने लंडनला. श्रेय वाटून घेतल्याने दोघांचेही कमी झाले नाही.

रेघेतला वायू हाती येण्यास २७ वर्षे लागली. १८९५च्या मार्चमध्ये विल्यम रॅम्झी यांनी युरेनियम असलेल्या क्लेव्हाइट नावाच्या खनिजातून एक वायू काढला. त्यात वेगळेच काही शोधत असताना त्यांना एक अनोळखी पिवळी रेघ दिसली. नमुना लॉकियर यांच्याकडेही गेला. आयुष्यभर सूर्यात पाहिलेली रेघ त्यांनी काचेच्या नळीत पाहिली, तेव्हा ते साठीच्या जवळ आले होते.

मग विजयदुर्ग?

विजयदुर्गची गोष्ट कुणी हवेतून काढलेली नाही, आणि ही बाब आम्हांला फार महत्त्वाची वाटते. लॉकियर विजयदुर्गला खरोखरच आले होते. पण १८९८ साली. २२ जानेवारी १८९८ रोजी, शके १८१९च्या पौष अमावास्येला, पुन्हा एक खग्रास ग्रहण कोकण किनाऱ्यावर उतरले आणि दख्खनमधून ईशान्येकडे गेले. या वेळी आकाश निरभ्र असण्याचा महिना होता. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे प्राध्यापक नेगमवाला आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची तुकडी होती. सर नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग निवडला. मेल्पोमीन या ब्रिटिश युद्धनौकेवरच्या खलाशांना शिकवून त्यांनी यंत्रे हाताळण्यासाठी मदतीला घेतले. किल्ल्यावर ज्यांना 'साहेबाचे कट्टे' म्हणतात त्यांची आठवण या भेटीशी जोडावी लागते.

त्याआधी १८७१च्या डिसेंबरातल्या ग्रहणासाठीही लॉकियर हिंदुस्थानात आले होते, आणि तेव्हाही पश्चिम किनाऱ्यावरच्याच एका किल्ल्यात बसले होते : कासरगोडजवळच्या बेकलमध्ये. म्हणजे १८६८ला ग्रहण कोकणातून गेले, पण लॉकियर नव्हते. १८९८ला लॉकियर कोकणात होते, पण हेलियम आधीच सापडला होता. या दोन खऱ्या गोष्टी लोकांच्या आठवणीत एकमेकींत मिसळल्या आणि तिसरीच, न घडलेली गोष्ट तयार झाली. आजी गोष्ट सांगताना दोन राजांची एक गोष्ट करते, तसेच. दरवर्षी १८ ऑगस्टला विजयदुर्गावर लोक जमतात आणि हेलियमची आठवण काढतात, याचा आम्हांला आनंदच आहे. एखाद्या वायूचा वाढदिवस साजरा करणारी माणसे आपल्यात आहेत हे भूषणच म्हणावे लागेल. फक्त त्या दिवशी मुलांना जे सांगायचे ते नीट सांगावे.

नीट सांगितल्याने काय बिघडते, असे कुणी म्हणेल. बिघडत काहीच नाही. उलट भर पडते. आमच्या भाषणात एक साहेब, एक किल्ला आणि एक शोध होता. खऱ्या इतिहासात ढगांमधून धडपडणारा हर्शेलचा नातू आहे, वनपर्तीला गेलेले रघुनाथाचार्य आहेत, बोटीतून महिनाभर प्रवास करणारे पत्र आहे, कचेरी सुटल्यावर सूर्याकडे पाहणारा कारकून आहे. चुकलेले निष्कर्ष आहेत आणि २७ वर्षांची वाट पाहणे आहे. विज्ञान असे अनेक हातांनी, चुकत-माकत पुढे जाते, हे मुलांना कळायला हवे. एका साहेबाने एका सकाळी एका तटावरून शोध लावला असे सांगितले की मुलांना वाटते, हे आपल्या आवाक्यातले काम नव्हे.

सांगणाऱ्यांची परंपरा

लॉकियर यांचे आणखी एक काम इथे सांगितलेच पाहिजे. डी-३ रेघ सापडल्याला वर्षही झाले होते तोच, नोव्हेंबर १८६९मध्ये, त्यांनी 'नेचर' नावाचे साप्ताहिक सुरू केले आणि पुढे पन्नास वर्षे त्याचे संपादन केले. आज ते जगातल्या अव्वल संशोधन-पत्रिकांपैकी एक आहे. पण सुरुवातीचा एक उघड हेतू असा होता की, विज्ञानातल्या मोठ्या गोष्टी सामान्य वाचकांपुढे मांडाव्यात.

हे वाचून आम्हांला बाळशास्त्री जांभेकर आठवले. त्यांनी हे काम लॉकियर यांच्या कितीतरी आधी मराठीत सुरू केले होते. ६ जानेवारी १८३२ला 'दर्पण', आणि १८४०ला 'दिग्दर्शन' हे मासिक. त्यात भूगोल, पदार्थविज्ञान, रसायन अशा विषयांवर मराठीत मजकूर येई. कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही त्यांनी पाहिले. १८४६ साली, वयाची पस्तिशीही न गाठता ते गेले. त्यांचे जन्मगाव पोंभुर्ले देवगड तालुक्यात आहे. विजयदुर्गही त्याच तालुक्यात. आपल्या मुलांना अभिमान बाळगायला खरेच काही हवे असेल, तर ते तिथे न शोधता सापडते.

वनपर्तीच्या रघुनाथाचार्यांनीही तेच केले. १८७४च्या डिसेंबरात शुक्र सूर्यबिंबावरून सरकणार होता. त्याआधी त्यांनी सामान्य माणसांसाठी एक पुस्तिका लिहिली आणि ती देशातल्या अनेक भाषांत निघाली. आकाशात काय घडणार आहे, ते का घडते, ते कसे पाहावे, हे लोकांना त्यांच्या भाषेत आधी सांगावे, एवढीच त्यांची धडपड.

आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतो. घरात मराठी, कचेरीत कन्नड, मुलांच्या वह्यांत इंग्रजी. मुलांचे विज्ञान आज इंग्रजीतच चालते, त्याची तक्रार करून उपयोग नाही. पण जेवताना पोराने 'हेलियम म्हणजे काय' असे विचारले, तर त्याचे उत्तर घरच्या भाषेत देता आले पाहिजे, आणि ते बरोबर असले पाहिजे. भाषा टिकवायची तर तिच्यात नुसते सण आणि आठवणी ठेवून भागणार नाही. तिच्यात नव्या प्रश्नांची खरी उत्तरेही ठेवावी लागतील. आमच्या त्या भाषणाने नेमकी उलट गोष्ट केली होती. मराठीत सांगितले, पण खोटे सांगितले.

आणि हेलियम आज कुठे आहे? विश्वातल्या दृश्य द्रव्यात वजनाने जवळपास चौथा हिस्सा तो आहे. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे रूपांतर हेलियममध्ये होते, म्हणूनच सूर्य तळपतो आणि आपल्या परसातली जास्वंद फुलते. उणे २६९ अंशांना द्रवरूप होणारा हा वायू इस्पितळातल्या एमआरआय यंत्राची चुंबके थंड ठेवतो. आपल्यापैकी ज्यांनी त्या घुमणाऱ्या बोगद्यात पंधरा-वीस मिनिटे काढली आहेत, त्यांच्या अंगाभोवती जमखंडीच्या त्या केशरी रेघेचा मालक होता. तो जळत नाही, म्हणून उत्सवाच्या गर्दीत फुगे घ्यायचेच तर हेलियमचे घ्यावेत. हायड्रोजनचे फुगे ठिणगीने पेट घेतात. २०२३च्या सप्टेंबरात निघालेले आपले आदित्य यान ६ जानेवारी २०२४ला, म्हणजे नेमके दर्पणदिनी, आपल्या जागी पोचले. त्यावरचे एक यंत्र सूर्यबिंब झाकून कृत्रिम ग्रहण घडवते आणि कडेचा उजेड वाचते. जान्सन यांना गुंटूरला जी इच्छा झाली होती, तिचेच हे थोरले भावंड.

जमखंडीत हर्शेल यांनी नेमका कुठे तंबू टाकला होता हे सांगणारा फलक तिथे लागावा, असे आम्हांला फार वाटते. तसे होईल तेव्हा होईल. तोवर येत्या सुट्टीत लेकीला घेऊन जमखंडीला जायचे ठरवले आहे.

त्या स्पर्धेची छोटी ढाल आमच्या काचेच्या कपाटात आहे. चूक कळल्यावर ती परत द्यावी का, असे लेकीने विचारले होते. आम्ही म्हटले, राहू दे, चूक माझी होती. तिला ते पटले नसावे. परवा गणपतीच्या आवराआवरीत कपाट पुसताना दिसले की, ढालीच्या मागे वहीच्या कागदाची एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्या अक्षरात एवढेच लिहिले आहे : 'दुरुस्ती. लॉकियर विजयदुर्गला १८९८ साली आले. १८६८ साली जमखंडीला हर्शेल होते, पण ढग होते.'